खोडलेली ओळ

मे महिन्याचा शेवटचा आठवडा होता, नवतपा लागला होता, आणि नागपूरच्या महाल भागातल्या आमच्या जुन्या घराच्या मधल्या खोलीत कूलरच्या ओल्या गवताचा वास दाटून राहिला होता. अमरावतीहून सुट्टीसाठी आलेला माझा तेरा वर्षांचा भाचा सकाळपासून माळ्यावर काहीतरी शोधत होता. जेवणे आटोपल्यावर त्याने तिथली पत्र्याची पेटी छातीशी धरून खाली आणली. तिच्यात माझी कॉमिक्स होती. कडा पिवळ्या पडलेली, पिना गंजून मधल्या पानांवर तपकिरी डाग उमटलेली. आणि सगळ्यांत खाली खाकी कव्हर घातलेली एक दोनशे पानी वही होती. त्याने कॉमिक्स बाजूला ठेवून आधी वहीच उघडली. पहिल्या पानावर रकाने आखलेले होते आणि त्यातली अगदी वरची ओळ निळ्या बॉलपेनने इतकी गिरवून खोडलेली होती की कागद तिथे चकाकत होता. एका जागी तो फाटलाही होता. "मामा, इथे काय लिहिलं होतं?" त्याने विचारले. मी म्हणालो, सुपरबॉयचे, म्हणजे लहानपणीच्या सुपरमॅनचे, नाव होते. "नाव एवढं लांब नसते. पूर्ण ओळ आहे ही." मी वही हातात घेतली, खिडकीजवळ नेली, उजेडात तिरपी धरून पाहिली.

मला ती ओळ आठवली नाही.

ती मीच लिहिली होती आणि मीच खोडली होती. ज्या वयात लिहिली त्या वयातल्या बाकी असंख्य निरुपयोगी गोष्टी माझ्या लक्षात आहेत. त्या वहीची किंमत आणि ती घेतलेल्या दुकानदाराचा चौकड्यांचा शर्टही आठवतो. ही एक ओळ मात्र गेली. भाचा थोड्या वेळाने पुढच्या पानांकडे वळला, पण मी त्या निळ्या पट्ट्यापाशीच राहिलो, आणि तो गावी परत गेला तोपर्यंत, म्हणजे पुढचे बारा-तेरा दिवस, ती गोष्ट मला सोडत नव्हती.

पेटीतली कॉमिक्स लीजन ऑफ सुपर-हीरोजची होती. एकोणीसशे नव्वदच्या दशकाच्या मध्यावर, शाळेच्या शेवटच्या वर्षांत, बर्डीच्या फुटपाथवर जुनी पुस्तके विकणाऱ्यांकडून मी ती एकेक करून गोळा केली होती. इंजिनिअरिंगच्या प्रवेशपरीक्षांचे गठ्ठे, इंग्रजी कादंबऱ्या, शिवणकामाची मासिके यांच्या ढिगाखालून कधीतरी एखादे अमेरिकन कॉमिक निघायचे. कोणाच्या घरची रद्दी होती, कोण परदेशातून परतताना घेऊन आले होते, काही कळायला मार्ग नव्हता. क्रमाने काहीच मिळत नसे. एखादा अंक हाती लागला की त्याचा पुढचा अंक दोन वर्षांनी मिळेल किंवा कधीच मिळणार नाही, हे गृहीत धरून मी वाचायचो. त्यामुळे मला एक वेगळीच अडचण होती, आणि ती अडचण आहे हे समजायलाही मला फार वर्षे लागली. कथेत कुठे सांधा जुळत नसेल तर मला वाटायचे, मधला अंक मला मिळालेला नाही. काल मेलेला आज जिवंत असेल, कालचा मित्र आज अनोळखी असेल, तर त्याचे कारण बर्डीच्या कुठल्यातरी ढिगात पडलेले आहे, अशी माझी पक्की समजूत होती. कथाच मधोमध तुटलेली असू शकते, सगळे अंक मिळाले तरी ती जुळणार नाही, ही शक्यता माझ्या मनाला शिवलीही नव्हती.

माझ्याकडचा सर्वांत आवडता अंक १९८९ च्या नोव्हेंबरचा होता, कीथ गिफेन आणि टॉम व मेरी बियरबॉम यांनी सुरू केलेल्या नव्या मालिकेचा पहिला. त्याआधीच्या लीजनची मला अगदी पुसट ओळख होती: तिसाव्या शतकातली, निरनिराळ्या ग्रहांवरून आलेली, रंगीत पोशाखांतली हसरी मुले. या अंकात ती मुले नव्हती. साल २९९४, मधली पाच वर्षे कोणीच सांगितलेली नाहीत, लीजन मोडलेले आहे, आणि पृथ्वीचा कारभार पडद्याआडून डॉमिनेटर्स नावाच्या परग्रहवासीयांनी ताब्यात घेतला आहे. ज्याच्या पुढाकाराने हे सगळे उभे राहिले तो कॉस्मिक बॉय, म्हणजे रॉक क्रिन, आपल्या ब्राल ग्रहावर दारिद्र्यात दिवस काढतो आहे. युद्धात त्याची चुंबकशक्ती गेली आहे, ग्रह हरलेला आहे, बायकोला दिवस गेले आहेत. त्याचा जुना सोबती त्याला भेटायला येतो. एका पानावर नऊ सारख्या चौकटी, दाट काळी शाई, अर्धवट वाक्ये, आणि अंकाच्या शेवटी पत्रे, अहवाल, दप्तरातले कागद असावेत अशी नुसत्या मजकुराची पाने. त्या चौकटींतला अंधार मी उन्हाळ्याच्या रात्री गच्चीवर अंथरुणात पडून टॉर्चच्या उजेडात वाचला आहे. महानायकाची भाकरीची भ्रांत मी त्याआधी कुठे पाहिली नव्हती. तो शक्ती गमावून बसलेला माणूस मला ओळखीचा वाटला. आमच्या गल्लीतही गिरणी बंद झाल्यानंतर दिवसभर ओट्यावर बसणारी माणसे होती.

वहीची कल्पना बाबांची. ते महसूल खात्यात कारकून होते आणि त्यांना कॉमिक्समध्ये काडीचाही रस नव्हता, पण अंकाच्या शेवटची ती दप्तरी पाने त्यांनी एकदा सहज उचलून वाचली आणि मग मला विचारले की या सगळ्याची नोंद कुठे आहे. नोंद नव्हती. त्यांनी पट्टी घेऊन लाल पेन्सिलीने रकाने आखून दिले: अनुक्रमांक, अंक, महिना व साल, कोण कोण आहे, काय घडले, आणि शेवटी, जो रकाना त्यांच्या मते सर्वांत महत्त्वाचा होता तो, शेरा. मी त्या रकान्यांत आठ-नऊ महिने जीव ओतला. तुटलेल्या कथेचे सांधे मी शेऱ्यात जुळवायचो. हा इथे कसा आला, ती तिथे का नाही, या दोघांचे भांडण कशावरून झाले असेल, याची उत्तरे मी स्वतःच लिहायचो, आणि त्यापुढे कंसात 'अंदाजे' असे नमूद करायचो, कारण बाबांनी सांगितले होते की पाहिलेले आणि ऐकलेले एकाच शाईने लिहिले तरी वेगळे दिसले पाहिजे.

मग मला शून्य क्रमांकाचा अंक मिळाला. ऑक्टोबर १९९४ चा, मुखपृष्ठावर ठळक शून्य. आता, नागपूरच्या मुलाला शून्याचे महत्त्व वेगळे सांगावे लागत नाही. झीरो माइलचा तो स्तंभ आणि ते चार घोडे आम्ही शाळेच्या सहलीत पाहिलेले असतात, बाजूच्या दगडावर कोरलेली गावांची नावे आणि मैलांचे आकडे बोट फिरवून वाचलेले असतात, आणि सगळी अंतरे इथूनच मोजायची हे आमच्या मनात कोरले गेलेले असते. शून्य म्हणजे सगळ्यांच्या आधी. मी तो अंक यादीत पहिला ठेवायचे ठरवले. त्यात तीन मुले एका यानात एकमेकांना पहिल्यांदाच भेटतात, आर. जे. ब्रँड नावाच्या धनिकाचा जीव वाचवतात, आणि तो त्यांना लीजन उभारायला सांगतो. रॉक तोच होता, पण लहान. ब्रालवरचे दारिद्र्य नाही, लग्न नाही, युद्ध नाही. आणि सुपरबॉयचे नाव कुठेही नाही. बाबांनी अंक हातात घेऊन उलटसुलट पाहिला, पानांची कड बोटाने चाचपली आणि म्हणाले, "हा कागद नवा आहे. हे पहिलं नाही, हे नंतर लिहून आधी लावलेलं आहे." मी त्यांचे ऐकले नाही. शून्यावर माझा विश्वास होता. मी वहीच्या पहिल्या पानावरची सुपरबॉयची ओळ बॉलपेनने खोडून टाकली.

त्या संध्याकाळी बाबा माझ्यावर रागावले. ते रागावणारे गृहस्थ नव्हते, म्हणूनच त्यांचा तो चेहरा लक्षात राहिला. "खोडायचं नाही," ते म्हणाले. "कंस कर." ज्यांच्या घरात कोणी तलाठी किंवा महसूल कारकून होते त्यांना हे निराळे समजावून द्यायला नको. तेव्हा सातबाऱ्यावर जमिनीचा मालक बदलला की जुन्या मालकाचे नाव पुसत नसत. त्याला कंस करत, फेरफाराचा क्रमांक टाकत आणि खाली नवे नाव लिहीत. ज्याला कंस झाला त्याचा जमिनीवर हक्क राहिलेला नसतो, पण एकेकाळी तो होता हे कोणालाही वाचता येते. विकणारा गेला, घेणारा गेला, साक्षीदारही गेले, तरी कंसातले नाव त्या कागदावर दिसत राहते. बाबांनी हे सगळे मला चहा निवेपर्यंत सांगितले. मी मान डोलावली. पण ओळ खोडून झालेली होती.

पुढे नोकरीला लागल्यावर, पैसे आणि इंटरनेट दोन्ही हाताशी आल्यावर, मी लीजनचा सगळा इतिहास नीट वाचून काढला, आणि तेव्हा मला कळले की माझ्या वहीत जे घडले तेच न्यूयॉर्कमध्ये, प्रकाशकांच्या कचेरीतही घडले होते. लीजनचा जन्म एप्रिल १९५८ चा, अॅडव्हेंचर कॉमिक्सच्या २४७ व्या अंकातला. हजार वर्षांनंतरच्या जगातून तीन मुले स्मॉलव्हिलला येतात ती सुपरबॉयला भेटायला, त्याला आपल्या क्लबात घ्यायला. त्याचे किस्से ऐकतच ती मोठी झालेली आहेत. त्यांच्या एकत्र येण्याचे मूळ तोच आहे. १९८५-८६ मध्ये क्रायसिस ऑन इन्फिनिट अर्थ्स या बारा अंकांच्या मालिकेत प्रकाशकांनी आपल्या साऱ्या समांतर पृथ्व्या एक केल्या, आणि त्यानंतर १९८६ मध्ये जॉन बर्न यांनी सुपरमॅनची कथा पहिल्यापासून लिहिली. या नव्या कथेत क्लार्क केंट मोठा झाल्यावरच सुपरमॅन होतो. तो सुपरबॉय कधी नव्हताच. निर्णय सुपरमॅनसाठी योग्य होता, हे मला आजही मान्य आहे. नव्या वाचकाला पन्नास वर्षांचे ओझे न देता दारातून आत घ्यायचे होते. पण हजार वर्षे पुढे, तिसाव्या शतकात, एका इमारतीचा पायाच काढून घेतला गेला होता आणि इमारत मात्र उभी होती. दर महिन्याला तिचा अंक निघत होता.

यावर १९८७ मध्ये जो उपाय काढला गेला तो माझ्या मते या सगळ्या गुंतागुंतीतला सर्वांत सहृदय उपाय आहे. असे ठरले की टाइम ट्रॅपर नावाच्या शत्रूने एक छोटे विश्व बाजूला निर्माण केले होते, आणि लीजनची मुले भूतकाळात जायची तेव्हा तो त्यांना दर वेळी त्या विश्वात वळवायचा. त्यांचा सुपरबॉय तिथला होता. खरा होता, फक्त आपल्या पृथ्वीवरचा नव्हता. लीजनच्या तेव्हाच्या मालिकेच्या ३८ व्या अंकात तो आपले ते लहानसे जग वाचवताना मरतो, आणि मित्र त्याच्यासाठी रडतात. म्हणजे हिशेब जुळवताना त्यांनी मृताला निदान एक समाधी दिली. पन्नासाव्या अंकात चौघे जण, ज्यांत तीन देह घेऊन जन्मलेली आणि एक आधीच गमावलेली एक मुलगी आहे, त्या मृत्यूचा सूड घ्यायला काळाच्या टोकाला जातात, आणि ती आपला आणखी एक देह गमावून परतते. हा पन्नासावा अंक बर्डीच्या फुटपाथवर मला मिळाला होता. सुपरबॉय त्यात नाही. त्याच्यासाठी झुरणारी माणसे आहेत. मी त्याला पहिल्यांदा ओळखले ते असे, दुसऱ्यांच्या दुःखातून.

मग १९९० मध्ये ती समाधीही गेली. सुपरमॅनची मालिका सांभाळणाऱ्या संपादकांना लीजनमध्ये सुपरबॉयचा उल्लेखच नको होता, त्या छोट्या विश्वातल्याचाही. गिफेन आणि बियरबॉम यांची ती अंधारी मालिका नुकती सुरू झाली होती. चौथ्या अंकात लीजनमधला मॉन-एल टाइम ट्रॅपरला संपवतो आणि त्याबरोबर सगळे जगच बदलून जाते. पाचव्यात मॉर्ड्रू या मांत्रिकाचे राज्य असलेले दुसरेच विश्व दिसते, आणि थोड्या जणांच्या धडपडीने आधीचे जग परत येते. पण ते पुरते आधीचे नसते. ट्रॅपरच्या जागी ग्लोरिथ नावाची चेटकीण आलेली असते. सुपरगर्लच्या जागी लॉरेल गँड नावाची नवी मुलगी आलेली असते. आणि ज्याच्या प्रेरणेने लीजन उभे राहिले त्या जागी खुद्द मॉन-एल आलेला असतो, पण त्याला आता 'मॉन-एल' म्हणता येत नाही. कारण ते नावच सुपरबॉयने दिलेले होते: सोमवारी सापडला म्हणून 'मॉन', आणि आपला भाऊ असावा असे वाटले म्हणून आपल्या घराण्याचे 'एल'. नाव देणारा नाही म्हटल्यावर नाव कुठून येणार? म्हणून तो व्हॅलर झाला. या लहानशा गोष्टीपाशी मी दर वेळी थांबतो. एक माणूस काढला की त्याने ठेवलेली नावेही जातात.

त्या मालिकेचा विषय लक्षात घेतला की हे आणखी खोल लागते. जमिनीखाली बसून पृथ्वी चालवणारे डॉमिनेटर्स लोकांना काय ठाऊक असावे आणि काय नसावे हे ठरवतात. त्यांच्या भुयारी दालनांत लीजनच्या मुलांची तरुण प्रतिरूपे कोंडून ठेवलेली सापडतात आणि ती मूळची की नक्कल, हा प्रश्न कित्येक अंक चालतो. रॉक क्रिन आणि त्याचे सोबती लढतात ते या दडपणाविरुद्ध, आपण कोण होतो हे पुन्हा उभे करण्यासाठी. आणि त्याच वेळी, त्यांना कळू न देता, त्यांच्या स्वतःच्या आठवणींतला सर्वांत प्रिय मित्र एका कचेरीच्या निर्णयाने काढून घेतला जातो. ते त्याचा शोकही करू शकत नाहीत, कारण तो होता हेच त्यांना ठाऊक नाही. वाचकाला मात्र ठाऊक आहे. त्या कथेतली सर्वांत करडी हुकूमशाही मला चौकटींच्या आत दिसत नाही. ती दोन चौकटींमधल्या पांढऱ्या पट्टीत दिसते. डॉमिनेटर्सना निदान हरवता तरी येत होते.

लेखकांवर माझा राग नाही. त्यांनी जे शक्य होते ते केले, आणि काही ठिकाणी बदलाच्या सक्तीतूनच विलक्षण काही काढले. प्रॉटीचे उदाहरण माझ्या मनात फार दिवस आहे. १९६३ च्या एका कथेत लीजनमधल्या, मेलेल्या लायटनिंग लॅडला जिवंत करायचे असते आणि त्यासाठी कोणीतरी आपला प्राण द्यावा लागतो. प्रॉटी नावाचा पाळलेला, रूप पालटणारा छोटा जीव सॅटर्न गर्लचे रूप घेतो आणि तिच्याऐवजी प्राण देतो. लायटनिंग लॅड उठतो. पुढे त्याचे सॅटर्न गर्लशी लग्न होते, मुले होतात, अंधाऱ्या मालिकेत ती दोघे विनाथ ग्रहावर शेतमळा सांभाळताना दिसतात. आणि तिथे, जवळजवळ तीस वर्षांनी, वाचकाला सांगितले जाते की त्या दिवशी उठला तो लायटनिंग लॅड नव्हताच. त्याच्या देहात प्रॉटी जागा झाला होता. इतकी वर्षे शेत पिकवणारा, मुलांना वाढवणारा तोच. हे पहिल्यांदा वाचले तेव्हा कोणीतरी घरात शिरून भिंतीवरचा फोटो बदलावा तसे मला झाले. नंतर वाटले, नाही, इथे काही पुसलेले नाही. १९६३ चे ते पान जसेच्या तसे आहे, त्यातले प्रत्येक चित्र खरे आहे, फक्त आपण त्याच्याकडे चुकीच्या बाजूने पाहत होतो. ज्याने प्राण दिला त्याला एक आयुष्य मिळाले, आणि जो खरोखर गेला त्याच्यासाठी तीस वर्षे कोणी रडलेच नाही. हे दोन्ही मला एकाच वेळी खरे वाटते. अनेक वाचकांना ही कल्पना मुळीच आवडलेली नाही, आणि त्यांचे चूक आहे असे मी म्हणणार नाही.

माझ्या आजीपाशी याला एक शब्द होता. कीर्तनाला जायचा तिचा नेम होता आणि एकाच कथेची दोन रूपे दोन बुवांकडून ऐकून ती घरी यायची. एकदा मी तिला पकडले: मागच्या वेळी तर तू वेगळे सांगितले होतेस. ती शांतपणे म्हणाली, "कल्पभेद." या कल्पात असे घडले, त्या कल्पात तसे. दोन्ही ऐकायचे. अमेरिकेतल्या प्रकाशकांना जे सुचायला अनेक पृथ्व्या आणि मग त्या सगळ्यांचा संहार करावा लागला, ते आजी वाती वळता वळता सांगून मोकळी झाली होती. पण मला तिच्या उत्तराने तेव्हाही समाधान नव्हते आणि आजही पूर्ण नाही. कल्पभेदात कोणी कोणाला हरवत नाही, हे खरे. पण या कल्पातल्या रॉक क्रिनला त्या कल्पातल्या सुपरबॉयची आठवण नसते. दोन्ही गोष्टी शेजारी राहतात, त्यांच्यात दार नसते. बाबांच्या कंसात दार असते. आजी स्वतः मात्र कंसवाली होती, असे मला वाटते, कारण १९५६ मध्ये मध्य प्रदेशच्या राजधानीचा मान जाऊन चाळीस वर्षे उलटली तरी ती नागपूरला राजधानीच म्हणायची, आणि हिवाळी अधिवेशनाच्या दिवसांत 'त्यांना यावंच लागतं' असे समाधानाने सांगायची.

१९९४ मध्ये झीरो अवर नावाच्या मालिकेने हा सगळा तिढा एकदाचा सोडवला. तिचे अंक उलटे निघाले, चार, तीन, दोन, एक आणि शून्य. काळ दोन्ही टोकांनी विरत जातो, आणि अखेरीस पाने पांढरी पडतात. अंधाऱ्या मालिकेतले लीजन, थोर आणि तरुण दोन्ही, त्या पांढऱ्यात गेले, आणि त्यानंतर आला तो माझा शून्य क्रमांकाचा अंक, ज्यात तीन मुले पुन्हा पहिल्यांदा भेटतात. छान अंक आहे तो. ताजा, मोकळा, कोणत्याही मृताचे ऋण नसलेला. बाबांचे बरोबर होते, कागद नवा होता.

या मे महिन्यात भाच्याने ते सगळे माझ्याच क्रमाने वाचले, म्हणजे चुकीच्या क्रमाने. पन्नासावा अंक संपवून तो स्वयंपाकघरात आला आणि पन्हे पिता पिता म्हणाला, "पण मामा, शून्यात तर सुपरबॉय नाहीच. मंग हे चौघं काहून गेले मरायला? हे आधीचं खोटं होय का?" मी त्याला सारे सांगितले, जॉन बर्न, छोटे विश्व, संपादकांचा निर्णय, शून्य. तो ऐकत होता, पण त्याचा चेहरा सांगत होता की मी त्याच्या प्रश्नाचे उत्तर देत नाही. मी खोटे का आहे हे सांगत होतो, आणि तो त्या मुलीच्या गेलेल्या देहाचे काय झाले ते विचारत होता. शेवटी मी म्हणालो, खोटे नाही, त्याला कंस आहे. मग मला कंस म्हणजे काय ते सांगावे लागले, आणि त्यासाठी कपाटातून आमच्या घराची आखीव पत्रिका, म्हणजे शहरातल्या जागेचा सातबाराच, काढून दाखवावी लागली. तीवर पणजोबांचे नाव कंसात, आजोबांचे कंसात, बाबांचेही आता कंसात. बाबांच्या नावाभोवतीचा तो कंस मी पहिल्यांदाच इतका वेळ पाहत होतो. भाच्याने त्यावरून बोट फिरवले. "हे वाचता येते," तो म्हणाला, आणि मग, जरा थांबून, "तू खोडलेलं वाचता येत नाही."

तो जाण्याच्या आदल्या रात्री वीज गेली होती. परत आली तेव्हा अकरा वाजून गेले होते आणि दोघांचीही झोप मोडली होती. तो उठून वही घेऊन आला. त्याच्या लक्षात आले होते की बॉलपेन दाबून लिहिले की कागदाच्या मागे अक्षरे उमटतात. त्याने पहिले पान उलटवून त्याच्या पाठीवर माझे बोट टेकवले. खरेच, तिथे उंचवटे होते. खोडण्याच्या आडव्या रेघांचे दाट जाळे आणि त्यातून वर-खाली डोकावणारे मात्रांचे, वेलांट्यांचे, काही अक्षरांचे शेंडे. सगळे उलटे. आम्ही वही कपाटाच्या आरशासमोर धरली. तो टॉर्च तिरपा करून उजेड देत होता आणि मी वाचत होतो. मधला भाग गेलाच होता, तिथे मी फार जोर लावला होता. सुरुवातीला 'सुपरबॉय' लागले. त्यापुढे बहुधा 'अंक नाही'. ओळीच्या शेवटाकडे माझा हात तेव्हा थकला असावा, कारण तिथे रेघा विरळ होत्या आणि त्यांच्याखालून एकेक अक्षर सुटे होऊन बाहेर येत होते. भाचा माझ्या खांद्यावरून वाकून आरशात पाहत होता, आणि माझ्याआधी त्यालाच ते लागले. त्याने सावकाश, शाळेत पहिलीत वाचतात तसे, वाचले:

"पण सगळे… त्याचेच… नाव घेतात."

मी त्याला पेन्सिल आणायला सांगितली.